नाथसागरच्या धुक्यात फोटो दरवेळी पांढरेफटक का येतात

डिसेंबर लागला की कॅमेरेवाल्या मित्रमंडळींत एकच रडगाणं सुरू होतं. शनिवारी संध्याकाळी पैठणला मुक्काम, रविवारी पहाटे नाथसागरचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, काठ, डोळ्यांनी पाहिलेलं धुकं अप्रतिम. आणि घरी येऊन फोटो उघडले तर सगळे पांढरेफटक, नाहीतर राखेरी. मग कुणी लेन्सला नावं ठेवतं, कुणी नवा फिल्टर मागवतं, कुणी थेट मोबाइलच बदलायला निघतं. पुढच्या हिवाळ्यात तीच माणसं, तोच काठ, तसेच फोटो.

तक्रार मिटत नाही, कारण तिच्याकडे एकच दुखणं म्हणून पाहिलं जातं. खरं तर त्यात तीन वेगळ्या भानगडी असतात: काचेवर बसलेलं पाणी, उजेडाबाबत कॅमेऱ्याचा झालेला घोटाळा, आणि खुद्द धुकं. मागच्या छोट्या पडद्यावर तिन्हींचा निकाल जवळपास सारखा दिसतो. उपाय मात्र एकाचा दुसऱ्याला लागू पडत नाही. पक्षी तीनशे मीटरवर असेल तर काच कितीही पुसा, काही फरक पडणार नाही. आणि काचेवर ओल असेल तर सेटिंग कितीही बदला, फोटो दुधाळच येणार.

म्हणून काठावर उतरल्यावर पहिला फोटो पाण्याचा काढू नका. दोन पावलांवरच्या कशाचाही काढा: स्वतःचा बूट, बाभळीची फांदी, गाडीची नंबरप्लेट. तो मोठा करून पाहा. जवळची वस्तूही दुधाळ, कडा विरघळल्यासारख्या असतील तर दोष काचेचा आहे. जवळची वस्तू स्वच्छ पण अख्खा फोटो संध्याकाळ झाल्यासारखा काळवंडलेला असेल तर दोष एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेऱ्याने किती उजेड घेतला त्याचा. जवळचं सगळं उत्तम आणि फक्त लांबचं गायब असेल तर कॅमेरा निर्दोष आहे, अडचण अंतराची आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ते कुणी करत नाही, कारण समोर करकोचे उभे असताना बुटाचा फोटो काढणं जिवावर येतं.

काचेवरचं पाणी

यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर.

उबदार खोलीतून कॅमेरा थंडीत नेला की काच धुरकटते, असं सर्रास सांगितलं जातं. ते उलटं आहे. हवेतलं बाष्प थंड वस्तूवर बसतं. लॉजच्या बंद खोलीत कॅमेरा २० अंशांच्या आसपास असतो, बाहेर पहाटे १०-१२ अंश. असा कॅमेरा बाहेर काढला की सुरुवातीला काच कोरडीच राहते. ओल धरते ती परतताना, गार पडलेला कॅमेरा खोलीत किंवा चहाच्या टपरीत भट्टीजवळ नेला की.

मग पहाटे काठावरच काच का धुरकटते? कारण बहुतेकांची बॅग रात्रभर गाडीत पडलेली असते. गाडीचा पत्रा मोकळ्या आभाळाखाली हवेपेक्षाही गार होतो, आतलं सामानही गारठतं. शिवाय कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, लेन्स जरा वर करून आपण गप्पा मारत उभे राहतो. निरभ्र आभाळाकडे तोंड करून ठेवलेली काच आपली उष्णता आभाळाकडे फेकत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षा एक-दोन अंशांनी गार होते. हरभऱ्याच्या पानांवर दहिवर पडतं ते ह्याच कारणाने. हवा आधीच बाष्पाने भरलेली, त्यामुळे तेवढा फरकही काच ओली व्हायला पुरतो.

पण खरा दगा होतो सूर्य उगवल्यावर. सात-सव्वासातला ऊन पडतं, गवतावरचं आणि पिकांवरचं दहिवर झपाट्याने वाफ होऊन हवेत येतं, हवेतलं बाष्प वाढतं. हवा तापू लागलेली असते, तुमचा कॅमेरा मात्र अजून पहाटेच्याच तापमानाला असतो. म्हणजे बाष्प वाढलं आणि काच गारच. अंधारात अगदी ठणठणीत असलेली लेन्स नेमकी सोनेरी उजेडाच्या वेळी धुरकटते, आणि धुकं विरळ होत चाललेलं असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. ऊन पडल्यावर दर पाच-दहा मिनिटांनी टॉर्च तिरपी मारून काच बघायची सवय लावा. समोरून बघितलं तर बारीक ओल दिसत नाही, तिरप्या उजेडात लगेच दिसते.

उपाय सोपे आहेत, खर्चिक तर अजिबात नाहीत. बॅग रात्री खोलीत ठेवा, गाडीत नको. कॅमेरा किंचित उबदार असणं इथे फायद्याचं असतं. लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं नळकांडं, कायम लावा. उन्हासाठी नव्हे, तर काचेला दिसणारं आभाळ कमी व्हावं म्हणून. फोटो काढत नसाल तेव्हा लेन्सचं तोंड खाली आणि कॅमेऱ्यावर कोरडं उपरणं किंवा टॉवेल. झाकायला उपरणं चालेल, पुसायला नाही. त्यात आपल्याकडची माती असतेच. पुसायला मायक्रोफायबरची दोन-तीन फडकी वेगवेगळ्या खिशांत, कारण पहिलं फडकं ओलं झालं की ते नुसतं पाणी पसरवतं. पुसण्याआधी ब्लोअरने धूळ उडवा. आकाशदर्शनवाले दुर्बिणीला गुंडाळतात तसा यूएसबीवर चालणारा गरम पट्टा मिळतो. तो लेन्सच्या पुढच्या कडेला बांधून पॉवर बँकेला जोडला की हा विषयच संपतो. दर आठवड्याला पाण्याकाठी जाणाऱ्याने फिल्टरपेक्षा हा पट्टा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिल्टरवरून आठवलं. लेन्स सांभाळायला म्हणून कायम लावलेला यूव्ही फिल्टर पहाटे काढून ठेवा. फिल्टर आणि लेन्स यांच्यातल्या फटीत ओल अडकली की वरून कितीही पुसा, ती आतच राहते. दरवेळी पुसतो तरी जात नाही, अशी तक्रार असेल तर आधी फिल्टर उघडून बघा.

गारठलेला कॅमेरा जॅकेटच्या आत घालू नका. अंगाची ऊब खरी, पण तिच्यासोबत घामाची ओलही असते. आणि मफलर नाकावरून घेतला असेल तर श्वास सरळ वर, डोळा लावायच्या खिडकीवर, म्हणजे व्ह्यूफाइंडरवर जातो. फोटो स्वच्छ असतो, आपल्यालाच दिसत नाही, आणि मग फोकस बिघडला म्हणून सेटिंग फिरवत बसतो.

कॅमेऱ्याचा हिशेब चुकतो

समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजेडाचं आहे, असं कॅमेऱ्याचं मीटर धरून चालतं. धुकं त्याहून बरंच उजळ असतं. मग कॅमेरा त्याला ओढून करड्यावर आणतो आणि पांढरं धुकं चुलीतल्या राखेसारखं होतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक पूर्णांक एक तृतीयांश स्टॉपपर्यंत न्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पडदा पाहून ठरवू नका, अंधारात पडदा नेहमी जास्तच उजळ वाटतो. हिस्टोग्राम उघडा, म्हणजे फोटोत डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख. धुक्यात त्याचा डोंगर अरुंद आणि एकाच जागी असतो, तो तसाच असायला हवा. फक्त तो मध्यावर न राहता उजवीकडे सरकलेला हवा, उजव्या भिंतीला मात्र टेकता कामा नये.

मोबाइलवाल्यांचं दुखणं बरोबर उलटं. ते पडद्यावर बोट ठेवतात काळ्या तराफ्यावर किंवा पाण्यातल्या वठलेल्या झाडावर. मोबाइल त्या काळ्या जागेला उजळ करायला जातो आणि बाकीचं धुकं कोऱ्या कागदासारखं पांढरं करून टाकतो. त्यातला तपशील गेला तो गेला, नंतर काही केलं तरी येत नाही. बोट तराफ्याच्या कडेवर ठेवून फोकस घ्या, ते दाबून धरून लॉक करा आणि सूर्याचं छोटं चिन्ह खाली ओढा. सीन ओळखणारं ऑटोमॅटिक सुशोभीकरण बंद करता येत असेल तर करा. धुकं म्हणजे खराबी समजून ते साफ करायला जातं आणि पाण्याच्या रेषेवर विचित्र डाग सोडतं. बाकी मोबाइल खिशात उबदार राहत असल्याने त्याची काच ओल फारशी धरत नाही. तिच्यावर बोटांचं तेल असतं आणि सूर्य समोर आला की त्या तेलाचे पट्टे उमटतात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर असेल तर कॅमेरा पहाटेचा निळसरपणा आणि उगवतीचा केशरी, दोन्ही धुऊन काढतो. डेलाइटवर, म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपास ठेवून द्या. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, फोटो काढत असाल तर हे नंतरही बदलता येतं.

अंतर, म्हणजे मूळ दुखणं

आता ज्याच्यावर उपाय नाही, फक्त तडजोड आहे, ते.

हवामानशास्त्रात एक किलोमीटरच्या आतलं दिसेनासं झालं की त्याला धुकं म्हणतात. दृश्यमानता म्हणजे जिथे काळ्या वस्तूचा पार्श्वभूमीशी असलेला फरक साधारण दोन टक्क्यांवर येतो ते अंतर. त्यापलीकडे डोळ्याला काही कळत नाही. हा फरक अंतराबरोबर सरळ रेषेत कमी होत नाही, सुरुवातीलाच भसकन घसरतो. समजा दृश्यमानता ४०० मीटर आहे. २०० मीटरवरच्या करकोच्याचा फरक निम्मा उरेल असं वाटतं. प्रत्यक्षात उरतो सुमारे १४ टक्के. १०० मीटरवर ३८ टक्के. ४० मीटरवर आलात तर ६८ टक्के. म्हणून ६०० मिलिमीटरची लेन्स घेऊन काठावर बसलेल्या माणसाला धुक्यात काही मिळत नाही. लेन्स पक्षी मोठा करते, मधलं धुकं कमी करत नाही. उलट तेही ओढून जवळ आणते.

दृश्यमानता मोजायला यंत्र लागत नाही. काठाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे विजेचे खांब मोजा. दोन खांबांतलं अंतर एकदा पावलांनी मोजून ठेवलं की पुढे शेवटचा कितवा खांब दिसतो यावरून अंदाज येतो. जेवढं दिसतं त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आत जे असेल तेच त्या दिवशी तुमचा विषय. पंधरा-वीस मीटरवरचं बाभळीचं झाड, पाण्यातून डोकावणारे वठलेले बुंधे, काठाला ओढून ठेवलेले तराफे, वाळत घातलेली जाळी. त्यांच्यामागे दुसरा थर शंभर मीटरवर, तिसरा नुसता भास. धुक्यातला फोटो थरांवर उभा राहतो. एकच लांबचा थर असेल तर तो पांढराच येणार.

पक्ष्यांसाठी आलेल्यांनी आठपर्यंत धीर धरावा. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं, आणि त्याच्या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला १९८६ मध्ये. चक्रवाक, पट्टकदंब, तलवार बदक, चित्रबलाक, आणि पाणी उतरून उथळ चिखल उघडा पडला की रोहित. हिवाळी पाहुणे इथे महिनोन् महिने मुक्काम करतात. पहाटेच्या त्या तासाभरात त्यांच्या मागे लागायची गरज नसते. जवळ जायचं म्हणून धुक्याच्या आडोशाने थव्यात घुसणारे महाभाग दर हंगामात दिसतात. पक्षी उठतात, फोटो मिळत नाही, आणि नंतर आलेल्यांनाही काही उरत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण धुक्याच्या वरून फोटो काढायची कल्पना प्रत्येकाला एकदा तरी सुचतेच.

फिल्टरने धुकं कापता येतं का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. उन्हाळ्यातला लांबचा निळसर धुरकटपणा अगदी बारीक कणांचा असतो, पोलरायझरने तो थोडा कमी होतो. धुक्याचे थेंब त्या कणांपेक्षा कितीतरी मोठे, साधारण दहा-वीस मायक्रॉनचे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. तिथे पोलरायझर फक्त उजेड खातो. फ्लॅश तर उघडूच नका. जवळचे थेंब चमकून पांढरा पडदा तयार होतो.

फोकस हलत राहतो

ऑटोफोकसला कडा लागते. धुक्यात कडाच नसते, त्यामुळे लेन्स पुढे-मागे घरघरत राहते. मधला एकच पॉइंट निवडा, ज्या अंतरावरचा फोटो हवा त्याच अंतरावरची काळी उभी वस्तू शोधा, तिच्यावर फोकस घ्या आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. तसं काही नसेल तर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चालू दृश्य, मोठा करून हाताने लावा. फोकसची रिंग अनंताच्या टोकाला आपटेपर्यंत फिरवायची नसते. बऱ्याच लेन्सेस त्या टोकाला अनंताच्याही पुढे जातात आणि सगळंच अंधूक येतं.

छिद्र एफ ५.६ ते ८ ठेवा. एफ १६ ला सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा ठिपका कोऱ्या धुक्यावर उठून दिसतो.

काठाची कोणती बाजू

नकाशा न बघता गेलं की दरवेळी सपाट फोटो येतात, त्याचं कारण पुष्कळदा कॅमेऱ्यात नसून दिशेत असतं. पैठणच्या बाजूला उभे राहिलात तर जलाशय पश्चिमेकडे पसरलेला असतो, पंचावन्न किलोमीटर लांब आणि रुंदीत सत्तावीसपर्यंत. म्हणजे पाण्याकडे तोंड केलं की सूर्य पाठीशी. पाठीमागून पडलेल्या उन्हात धुक्याला ना सावली ना आकार, नुसता चुना फासलेला दिसतो. काठ जिथे आत वळतो तिथपर्यंत चालत जा, सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्यावर येईल असं उभं राहा. तिरप्या उन्हात धुक्याचे पदर सुटे होतात. समोरून उगवता सूर्य हवा असेल तर पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेवगाव-नेवाशाच्या अंगाला जावं लागतं. तिथे सूर्य फोटोत घेताना अधिकचं कॉम्पेन्सेशन काढून टाका आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून लांब लेन्सने सूर्याकडे बघू नका, धुकं कितीही दाट वाटलं तरी.

पाठीशी सूर्य असण्याचा एक फायदा आहे. ऊन पडलं आणि पाण्यावर धुक्याचा विरळ थर असला की समोर पांढरं इंद्रधनुष्य उमटतं, तुमच्या सावलीभोवती मोठी फिकट कमान. थेंब फार बारीक असल्याने त्यात रंग जवळपास नसतातच. ते अख्खं बसवायला रुंद लेन्स लागते. बहुतेक लोक तेव्हा पक्ष्यांची लांब लेन्स लावून बसलेले असतात.

इथे दोन प्रकारचं धुकं असतं, तेही ओळखायला हवं. पाण्यावरून निघणारी वाफ कमरेइतकी उंच, दोऱ्यांसारखी, हलती असते. रात्रभर गारठलेली हवा त्यामानाने कोमट पाण्यावर आली की ती तयार होते आणि ऊन लागताच पळते. दुसरी म्हणजे जमिनीवरची धुई, ओलिताच्या रानावर आणि गाळपेराच्या पट्ट्यात बसलेली. ती आठ-नऊपर्यंतही हटत नाही, कधी उगवतीनंतर आणखी दाट होते. पहाटे जाळं काढायला निघालेल्या एका मामांना विचारलं, धुई कधी उठेल? ते म्हणाले, "वारं सुटंस्तोर न्हाई उठत. कामून घाई करता?" हवामानाचं ॲप याहून वेगळं काही सांगत नाही: रात्री आभाळ मोकळं, वारा जवळपास नाही, किमान तापमान आणि दवबिंदू यांच्यात दोनेक अंशांचाच फरक, तर धुकं पडायची शक्यता चांगली. आदल्या आठवड्यात पाऊस झाला असेल तर आणखी चांगली. ढगाळ रात्र असेल तर गजर लावू नका. तुरीच्या फुलगळीच्या धास्तीने शेतकरी ज्या धुईला शिव्या घालतात, तीच आपल्याला हवी असते. तेव्हा बांधावर फोटो काढताना "वा, काय धुकं आहे" असं मोठ्याने म्हणू नये एवढं तरी पाळावं.

गाळपेराची जमीन म्हणजे पाणी उतरल्यावर उघडा पडलेला गाळ. वरून पापुद्रा वाळलेला, खाली लोणी. ट्रायपॉडचे पाय हळूहळू खचतात आणि एक सेकंदाचे सगळे फोटो हललेले येतात. लोक शटरला दोष देतात. पायांखाली फरशीचे तुकडे किंवा फळकुटं ठेवा. आणि तिथे पेरणी झालेली असते. रस्त्यासारखी दिसली तरी ती कुणाची तरी गहू-हरभऱ्याची पट्टी आहे, आधी विचारा.

जाताना संभाजीनगरहून पैठणचा रस्ता पन्नास-एक किलोमीटरचा. बिडकीन, ढोरकीनच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर लागतात, दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असं नाही. कारखाने चालू असतात तेच महिने धुक्याचे. हेडलाइट अप्परवर टाकू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपर ठेवा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, वळणार की थांबणार हे मागच्याला कळत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे आदल्या रात्री पैठणात राहणं.

एडिटिंगमध्ये फोटो फाटतो

डिहेझचा, म्हणजे धुरकटपणा कमी करणारा, स्लायडर शेवटपर्यंत ओढला की आकाशात पायऱ्या-पायऱ्या दिसतात, पाणी मळकं होतं. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटो-फाइलमध्ये, प्रत्येक रंगाला २५६ छटाच असतात. धुक्याचा फोटो त्यातल्या थोड्याच वापरतो, आणि तेवढ्याच ताणून सगळीकडे पसरल्या की मधल्या फटी दिसतात. रॉ फाइल, १६ बिट, आणि डिहेझ दहा-पंधराच्या वर नाही. त्याऐवजी ब्लॅक्स, म्हणजे सगळ्यात गडद भागांचा स्लायडर, थोडे खाली आणा, म्हणजे जवळचा थर गडद होतो आणि धुकं धुक्यासारखंच राहतं. धुकं पुसून काढायचंच असेल तर ते नसतानाच्या दिवशी जावं.

कोकणात जाणाऱ्यांसाठी

बरेच जण हीच हौस घेऊन रात्रीच्या एसी स्लीपरने किनाऱ्यावर जातात आणि तिथे उतरल्या-उतरल्या लेन्स धुरकटते. नाथसागरकाठी कॅमेरा उबदार असणं फायद्याचं, इथे तो एसीने गारठलेला असतो आणि बाहेरची हवा कोमट, ओलसर. बॅग उघडूच नका. बंद झिपच्या प्लास्टिक पिशवीत कॅमेरा ठेवून तासभर बाहेरच्या हवेत राहू द्या. पाणी पिशवीवर बसेल, कॅमेऱ्यावर नाही. किनाऱ्यावर आणखी एक पांढरेपणा असतो, तो मिठाचा. लाटांचे तुषार वाळून काचेवर खारट थर बसतो, जवळच्या वस्तूच्या चाचणीत तो ओलीसारखाच दिसतो. तो कोरडा पुसला तर मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी फडकं साध्या पाण्याने किंचित ओलं करून टिपून घ्या, मग कोरडं. खाडीच्या तोंडाशी हिवाळ्यात पहाटे धुकं मिळतं, आणि तिथे अंतराचे वर दिलेले आकडे जसेच्या तसे लागू होतात.

घरी आल्यावर

बॅग लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कार्ड आणि बॅटरी मात्र काठावरच काढून खिशात ठेवा, म्हणजे फोटो बघायच्या घाईत बॅग उघडली जाणार नाही. नंतर कॅमेरा काढून तासभर पंख्याखाली, उन्हात नाही. मग हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओल पिऊन भरलेत असं समजा. मंद आचेवर, रोजच्या स्वयंपाकाच्या नसलेल्या तव्यात ते पुन्हा वाळवता येतात. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याचा सल्ला ऐकू नका, त्याची पूड झूमच्या फटीत जाते.

आतल्या भिंगावर ओल दिसली तर झूम पुढे-मागे करू नका, प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवून, दोन्ही टोपणं काढून, सिलिकासोबत डब्यात दोन-तीन दिवस राहू द्या. बहुतेक वेळा जाते. ओल गेल्यावर टॉर्च मागच्या बाजूने मारून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स बाकीच्या लेन्सेसच्या डब्यात परत ठेवू नका, आणि घरी उघडायलाही जाऊ नका. दुरुस्तीवाल्याकडे लवकर नेली तर भिंगावरचा लेप वाचतो.